कंपायलरला सांगण्यासारखं काय उरलं?

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी भाषेची तोंडी परीक्षा असली की एक प्रश्न हमखास येतो: स्टोरेज क्लास किती आणि कोणते? ऑटो, स्टॅटिक, एक्स्टर्न आणि रजिस्टर. चौथं नाव आलं की परीक्षक पुढे विचारतात, रजिस्टर कधी वापरायचं? उत्तरही ठरलेलं असतं. जे व्हेरिएबल वारंवार लागतं, म्हणजे लूपचा काउंटर वगैरे, ते रजिस्टरमध्ये ठेवावं; प्रोग्राम जलद चालतो. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर देशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी सी गिरवली. त्या पुस्तकातही रजिस्टरसाठी लूप काउंटरचंच उदाहरण आहे, आणि ज्या यंत्रासाठी ते दिलं होतं त्या यंत्रावर ते बरोबरच होतं. हे विद्यार्थी ज्या टर्बो सीवर शिकले तो बोरलँडचा कंपायलर १९८७ साली आला, इंटेलच्या १६ बिटी ८०८६ घराण्यासाठी. अशा व्हेरिएबलांना देण्यासाठी त्याच्याकडे एसआय आणि डीआय ही दोनच रजिस्टरं होती. जागा दोन आणि उमेदवार दहा असतील, तर त्या कुणाला द्यायच्या हे सांगणारा माणूस कामाचा असतो.

आज तोच विद्यार्थी त्याच ओळी आजच्या जीसीसी या कंपायलरवर ऑप्टिमायझेशन चालू करून कंपाइल करतो, एकदा ‘रजिस्टर’ हा शब्द ठेवून आणि एकदा काढून. दोन्ही वेळा तयार होणारा मशीन कोड जवळपास नेहमीच तंतोतंत सारखा असतो. मग हा शब्द शिकवायचा तरी कशाला? आणि एकट्या रजिस्टरचंच कशाला बोलायचं? इनलाइन, लाइकली, प्रीफेच, रिस्ट्रिक्ट, हाताने उलगडलेली लूपं, भागाकाराऐवजी केलेलं शिफ्टिंग, असा मोठा ऐवज जुन्या सी कोडमध्ये साठलेला आहे. त्यातलं काय जिवंत आहे आणि काय केवळ सवयीने टिकलं आहे, हा या व्याख्यानाचा विषय.

सुरुवात न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्जपासून करायला हवी. डेनिस रिची यांनी १९७१ ते १९७३ या काळात सी घडवली ती पीडीपी-११ या यंत्रावर. या यंत्राला रजिस्टरं आठ. त्यांतलं एक प्रोग्राम काउंटर, एक स्टॅक पॉइंटर, काही गणिताच्या मधल्या टप्प्यांसाठी लागणारी. सुरुवातीच्या यंत्राची मेमरी जेमतेम २४ किलोबाइट होती, आणि कंपायलरलाही तेवढ्यातच मावायचं होतं. संपूर्ण फंक्शन नजरेखालून घालून कोणतं व्हेरिएबल किती वेळा लागतं याचा हिशोब मांडायला त्याच्याकडे जागाच नव्हती. म्हणून तो हिशोब माणसाने करायचा आणि ‘रजिस्टर’ असं लिहून कळवायचा. कर्निहॅन आणि रिची यांच्या १९७८च्या पुस्तकात स्पष्ट नोंद आहे की पीडीपी-११वर एका फंक्शनमधल्या पहिल्या तीनच रजिस्टर घोषणांचा उपयोग होतो. चौथी नुसतीच शोभेला. ते लिहिताना प्रोग्रामर यंत्राच्या अगदी जवळ बसलेला होता आणि त्याला दिसत होतं ते कंपायलरला दिसत नव्हतं.

चित्र पालटलं ते आयबीएममध्ये. ग्रेगरी चैतिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१-८२च्या सुमारास रजिस्टर वाटपाचा प्रश्न आलेख रंगवण्याच्या प्रश्नात बसवला. प्रत्येक व्हेरिएबल म्हणजे एक बिंदू. जी दोन व्हेरिएबलं एकाच वेळी जिवंत असतात, त्यांच्या बिंदूंमध्ये रेघ. रेघेने जोडलेल्या बिंदूंना एक रंग द्यायचा नाही. रंग जितके, रजिस्टरं तितकी. रंग संपले की कोणतं व्हेरिएबल मेमरीत हलवणं स्वस्त पडेल याचा अंदाज घ्यायचा. नकाशे रंगवण्याच्या जुन्या गणिती कोड्यातून निघालेली ही युक्ती इतकी फलदायी ठरली की पुढच्या कंपायलरांनी तिच्यावर थर चढवत नेले. फंक्शनमध्ये दोनशे व्हेरिएबलं असतील तर त्यांचे आयुष्यकाळ एकमेकांत कुठे गुंतलेत हे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. कंपायलरला दिसतं. शिवाय रजिस्टरंही वाढली: ३२ बिटी इंटेल प्रोसेसरवर आठ, ६४ बिटीवर सोळा, ६४ बिटी आर्मवर एकतीस.

त्यामुळे आज जीसीसी ‘रजिस्टर’ हा शब्द मनावर घेतो तो मुख्यतः ऑप्टिमायझेशन पूर्ण बंद असतं तेव्हा, म्हणजे जिथे वेगाची कुणी अपेक्षाच ठेवलेली नाही तिथे. सी++ने २०१७च्या मानकात या शब्दाचा अर्थ काढून टाकला आणि शब्द तेवढा राखीव ठेवला. सीमध्ये तो अजून आहे आणि त्याचा एक खरा नियमही आहे: अशा व्हेरिएबलचा पत्ता घेता येत नाही. आता गमतीची गोष्ट अशी की हाच किरकोळ वाटणारा नियम कंपायलरला खरी माहिती देतो. ज्याचा पत्ता कुणाकडे नाही, ते दुसऱ्या कुठल्या पॉइंटरमधून चोरपावलाने बदलणार नाही. अर्थात पत्ता घेतलेला नाही हे स्थानिक व्हेरिएबलाच्या बाबतीत कंपायलर स्वतःच पाहू शकतो, म्हणून इथे फायदा होत नाही. पण पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली इथे आहे. जुन्या सूचनांच्या दोन जाती आहेत. एक जात सांगते, हे काम अमुक पद्धतीने कर. दुसरी सांगते, या प्रोग्रामाबद्दल अमुक गोष्ट खरी आहे. पहिल्या जातीचं आयुष्य त्या काळच्या यंत्राशी बांधलेलं असतं. दुसऱ्या जातीतली माहिती कोडमध्ये कुठेच लिहिलेली नसते, ती फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते, म्हणून तिची गरज संपत नाही.

पहिल्या जातीची उदाहरणं भरपूर आहेत. टॉम डफ १९८३ साली लुकासफिल्ममध्ये होते. एका डिस्प्ले यंत्राच्या एकाच पत्त्यावर भराभर आकडे पाठवायचे होते आणि लूपची प्रत्येक फेरी महाग पडत होती. त्यांनी आठ फेऱ्यांचं काम एका फेरीत कोंबलं, आणि उरलेल्या एक ते सात आकड्यांसाठी स्विचच्या केसेस थेट लूपच्या पोटात शिरवल्या. सीचं व्याकरण हे चालवून घेतं यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. त्यांना जो अडथळा होता तो या रचनेने खरोखर दूर केला. पण ‘डफ्स डिव्हाइस’ या नावाने ती जगभर पसरली आणि तिचं मूळ कारण मागे राहिलं. २००० साली टेड त्सो यांनी जिम गेटिस यांच्या स्पष्टीकरणाचा हवाला देत नोंदवलं की एक्सफ्री८६ या एक्स सर्व्हरच्या ४.० आवृत्तीतून या रचना सरसकट काढल्या, तेव्हा सर्व्हरचा आकार अर्ध्या मेगाबाइटने घटला आणि शिवाय तो अधिक वेगवान झाला. मधल्या सतरा वर्षांत प्रोसेसरच्या पोटात कॅश मेमरी आली होती. फेऱ्या वाचवण्यापेक्षा कोड लहान राहून कॅशमध्ये मावणं महत्त्वाचं झालं होतं.

इनलाइनची कथा याच वळणाची. फंक्शनला हाक मारण्याचा खर्च वाचवायला त्याचा मजकूर हाक मारली त्या जागीच उतरवायचा. जीसीसीत ही सोय जुनी, अधिकृत सीमध्ये ती १९९९च्या मानकाने आली. लिनक्स कर्नलच्या लेखनशैलीच्या दस्तऐवजात तिच्या अतिवापराला सरळ रोग म्हटलं आहे. तीन ओळींपेक्षा मोठ्या फंक्शनला इनलाइन लावू नये, असा ढोबळ नियम तिथे दिलेला आहे आणि कारणही कॅशचंच सांगितलं आहे. आजचे कंपायलर इनलाइन हा शब्द तराजूत टाकलेलं एक छोटं वजन मानतात, निर्णय स्वतः घेतात. ज्यांना निर्णय आपल्या हातात हवा आहे त्यांच्यासाठी जीसीसीत ‘नेहमी इनलाइन कर’ आणि ‘कधीच करू नको’ असे वेगळे हुकूम आहेत, आणि ते विचारपूर्वक वापरले तर उपयोगी पडतात.

भागाकाराऐवजी शिफ्ट वापरायची सवय तर एका पिढीच्या हाडीमाशी भिनली आहे. दोनने भागायचं तर बिट एक घर उजवीकडे सरकवा! ही सवय आता दोन्हीकडून नुकसान करते. स्थिरांकाने केलेला भागाकार कंपायलर स्वतःच गुणाकारात बदलतो. त्याची पद्धत ग्रानलुंड आणि मॉन्टगोमेरी यांनी १९९४ साली मांडली. एखाद्या ३२ बिटी धन संख्येला दहाने भागायला सांगितलं की कंपायलर तिला ३४३५९७३८३७ने गुणतो आणि गुणाकार ३५ बिट उजवीकडे सरकवतो. उत्तर प्रत्येक वेळी अचूक. हे हाताने लिहायला कुणी बसणार नाही आणि बसूही नये. उलट ऋण संख्यांच्या बाबतीत माणसाने केलेलं शिफ्टिंग चुकतं. उणे सातला दोनने भागलं की सी उणे तीन देते. उजवीकडे सरकवलं की बहुतेक यंत्रांवर उणे चार येतात. वेगासाठी केलेल्या बदलाने उत्तरच बदललं.

याच वर्गात ‘क्वेक ३’ या खेळातलं वर्गमुळाच्या व्यस्ताचं प्रसिद्ध फंक्शन येतं. दशांश संख्येचे बिट पूर्णांक म्हणून वाचायचे, निम्मे करायचे, एका गूढ स्थिरांकातून वजा करायचे आणि न्यूटनच्या पद्धतीची एक फेरी मारायची. ती बुद्धी थक्क करणारी आहे आणि तिच्यामागचं गणित आवर्जून शिकावं असं आहे. पण खेळ १९९९ साली आला, आणि त्याच वर्षी आलेल्या पेंटियम ३मध्ये हेच काम त्याहून अधिक अचूकतेने करणारी एक सूचना प्रोसेसरमध्येच होती. शिवाय पॉइंटरचा प्रकार बदलून बिट वाचण्याची त्यातली रीत सीच्या मानकाला मंजूर नाही. ऑप्टिमायझेशन चढवलं की कंपायलर त्या ओळींचा भलताच अर्थ लावू शकतो.

प्रीफेचचा धडा सर्वांत बोलका आहे, कारण तो ज्यांना शिकावा लागला ते जगातले अव्वल सी प्रोग्रामर होते. लिनक्स कर्नलमध्ये साखळीयादी चालत जाण्यासाठी जे मॅक्रो होते, त्यांत पुढची कडी आधीच कॅशमध्ये मागवून घेण्याची सूचना घातलेली होती. कल्पना रास्त वाटते: या कडीवर काम चालू असताना पुढची येऊन थांबेल. २०११ साली मोजणी झाली तेव्हा उलटंच दिसलं. बहुतेक याद्या अगदी छोट्या होत्या. कित्येकदा पुढची कडी नसायचीच, आणि शून्य पत्ता मागवण्याच्या प्रत्येक खटपटीत प्रोसेसर पत्त्यांच्या तक्त्यात व्यर्थ शोध घेत बसायचा. त्याखेरीज आधुनिक प्रोसेसर पुढची वाचनं आपणहून ओळखून सुरू करतोच. सूचना काढल्यावर वेग किंचित, पण मोजता येईल इतका वाढला, आणि ३.० आवृत्तीपर्यंत त्या मॅक्रोंमधून प्रीफेच गेलं. मोठ्या तक्त्यांत विखुरलेल्या जागा वाचणाऱ्या काही प्रोग्रामांत, डेटाबेसच्या हॅश जोडणीसारख्या कामांत, प्रीफेच आजही फायदा देतं. पण तिथे ते ठरावीक यंत्रावर मोजून लावलेलं असतं आणि यंत्र बदललं की पुन्हा मोजावं लागतं.

अमुक अट बहुधा खरी किंवा बहुधा खोटी ठरेल असं सांगणारे लाइकली आणि अनलाइकली हे मॅक्रो या दोन्ही जातींच्या मधोमध बसतात. यांची वंशावळ तर सीच्याही आधीची आहे. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४साठी पहिला फोरट्रान कंपायलर दिला, त्यात ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचं विधान होतं. अमुक फाटा किती वेळा घेतला जाईल हे प्रोग्रामरने त्यात लिहायचं. लोइस हेब्ट यांनी लिहिलेला कंपायलरचा भाग ते आकडे घेऊन माँटे कार्लो पद्धतीने प्रोग्रामचा प्रवास आधीच चालवून बघायचा, आणि त्यावरून ७०४ची तीन इंडेक्स रजिस्टरं कुठे खर्चायची ते ठरायचं. म्हणजे पहिल्याच फोरट्रान कंपायलरमध्ये माणसाने दिलेला इशारा होता. पुढे १९६६च्या फोरट्रान मानकात हे विधान उरलं नाही.

चार दशकांनी तीच कल्पना जीसीसीत परतली. लिनक्स कर्नलमध्ये आज हजारो ठिकाणी हे दोन मॅक्रो आहेत. त्यांचा मुख्य परिणाम मांडणीवर होतो: नेहमीची वाट सरळ रेषेत येते, चुका हाताळणारा कोड दूर फेकला जातो आणि कॅशमध्ये उपयोगाच्याच ओळी राहतात. प्रोसेसरला मात्र या सल्ल्याची फारशी गरज उरलेली नाही. पेंटियम ४मध्ये फाट्याची दिशा सुचवणारे उपसर्ग होते. पुढच्या प्रोसेसरांनी ते दुर्लक्षित केले, कारण त्यांचे स्वतःचे अंदाज अधिक चांगले ठरत होते. अलीकडे रेडवूड कोव्ह या गाभ्यात इंटेलने त्यांतला एक उपसर्ग पुन्हा अर्थपूर्ण केला आहे, जेव्हा प्रोसेसरकडे त्या फाट्याचा काहीच पूर्वानुभव नसतो तेव्हापुरता. कुठलीही सूचना कायमची मेली असं म्हणताना जपून राहावं लागतं ते यामुळे.

या दोन शब्दांत प्रोग्रामर जे सांगतो ती प्रोग्रामाबद्दलची माहितीच आहे. पण ती बरोबर असते का? जीसीसीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे की आपला प्रोग्राम प्रत्यक्षात कसा चालतो हे ओळखण्यात प्रोग्रामर कुप्रसिद्धपणे कच्चे असतात, तेव्हा शक्यतो मोजलेली माहितीच द्यावी. स्टीव्हन रोस्टेट यांनी २००८ साली कर्नलमध्ये प्रत्येक लाइकली किती वेळा खरं ठरलं हे मोजणारी सोय घातली, तेव्हा काही ठिकाणचे अंदाज जवळजवळ प्रत्येक वेळी चुकत असल्याचं दिसून आलं. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१मध्येच खऱ्याखुऱ्या फोरट्रान प्रोग्रामांचा अभ्यास करून दाखवलं होतं की निम्म्याहून अधिक वेळ चार टक्क्यांहूनही कमी कोडमध्ये जातो. ते चार टक्के कुठे आहेत, हे लेखकाला बहुधा मोजल्यावरच कळतं. म्हणून जिथे प्रोग्राम खऱ्या कामावर चालवून त्याची नोंद कंपायलरला देता येते, तिथे ती द्यावी. फायरफॉक्स, क्रोम आणि पायथनचा इंटरप्रिटर असेच तयार होतात. हाताने लावलेलं अनलाइकली मग अशा जागांसाठी राखावं, जिथे दुर्मिळता अंदाजावर नाही तर प्रोग्रामाच्या अर्थावरच ठरते. मेमरी संपली, फाइल मोडकी निघाली, नियम मोडल्याने प्रोग्राम थांबवायचा आहे. या वाटा चालवून केलेल्या मोजणीत येतच नाहीत.

आता दुसऱ्या जातीकडे. तिच्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना, रिस्ट्रिक्ट, तोंडी परीक्षेत फारशी विचारली जात नाही, हे दुर्दैव आहे. एकाच माणसाला घरी बाळ्या आणि शाळेच्या हजेरीत बाळकृष्ण म्हणावं, तशी मेमरीतल्या एकाच जागेची दोन पॉइंटरांत दोन नावं असू शकतात. एका नावाने काही लिहिलं की दुसऱ्या नावाने वाचलेलं शिळं झालं असेल या भीतीने कंपायलरला पुन्हा मेमरीकडे जावं लागतं. समजा एका फंक्शनला आकड्यांचा एक अॅरे आणि एका गुणकाचा पॉइंटर दिला आहे, आणि प्रत्येक आकड्याला त्या गुणकाने गुणायचं आहे. गुणक त्याच अॅरेच्या आत कुठे बसलेला असेल तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर तोही बदलेल. हे होणार नाही हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. कंपायलरला ते कुठूनच कळत नाही, कारण फंक्शनला हाक मारणारा कोड कदाचित वेगळ्या फाइलमध्ये आहे, कदाचित अजून लिहिलाच गेलेला नाही. चैतिन यांच्यासारखी कितीही हुशार युक्ती निघाली तरी ही उणीव भरून निघत नाही. फोरट्रानमध्ये असा दुहेरीपणा नियमानेच वर्ज्य आहे, आणि वैज्ञानिक गणितात फोरट्रान इतकी वर्षं सीच्या पुढे राहिली त्याचं हे एक मोठं कारण.

या पॉइंटरमधल्या जागेला दुसरं नाव नाही, असं सांगायची सोय सीमध्ये आणायचा पहिला प्रयत्न ‘नोएलियस’ नावाने झाला. १९८८ साली स्वतः रिची यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यातून निघणारे नियम कुणालाच धड समजणार नाहीत, धोका मात्र प्रत्येकाच्या पदरी पडेल, हा त्यांचा मुद्दा होता. समितीने प्रस्ताव मागे घेतला. नीट विचार करून, व्याख्या घट्ट बांधून रिस्ट्रिक्ट आलं ते १९९९च्या मानकात. रिची यांचा विरोध योग्य होता असंच आज मागे वळून पाहताना वाटतं, कारण या जातीच्या सूचनेला सल्ला म्हणताच येत नाही. ते वचन असतं. सल्ला चुकला तर प्रोग्राम थोडा मंदावतो. वचन मोडलं तर तो चुकतो.

२०१० च्या अखेरीस फेडोरा १४ वापरणाऱ्यांना याची प्रचीती आली. फ्लॅश प्लेअरमधून ऐकू येणारा आवाज अचानक खरखरीत झाला. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीने नव्या प्रोसेसरांसाठी ‘मेमकॉपी’ या फंक्शनची वेगवान आवृत्ती आणली होती, आणि ती काही वेळा मागून पुढे नक्कल करायची. मेमकॉपीची अट पहिल्यापासून एकच आहे: उगम आणि मुक्काम एकमेकांवर चढलेले नसावेत. १९९९ पासून तर त्याच्या घोषणेत रिस्ट्रिक्टच लिहिलेलं आहे. फ्लॅश प्लेअर ती अट पाळत नव्हता. नक्कल पुढून मागे होत होती तोवर ते खपून गेलं. शेवटी जीलिबसीच्या २.१४ आवृत्तीत जुन्या प्रोग्रामांना ‘मेममूव्ह’ची सुरक्षित वाट लावून द्यावी लागली.

रस्ट या भाषेचा अनुभव दुसऱ्या बाजूने बोलतो. रस्टमध्ये बदलता येणारा संदर्भ एका वेळी एकाकडेच असतो, त्यामुळे रिस्ट्रिक्टचं वचन भाषा स्वतःच जवळपास सगळीकडे देऊ शकते. तिने ते एलएलव्हीएमकडे, म्हणजे तिच्या कंपायलरसाठी मशीन कोड बनवणाऱ्या यंत्रणेकडे, सोपवायला सुरुवात केली आणि एलएलव्हीएममधल्या चुका उघड्या पडू लागल्या. सीच्या कोडमध्ये रिस्ट्रिक्ट इतकं विरळ होतं की त्या वाटा कुणी पुरेशा तुडवल्याच नव्हत्या. रस्टला ही सोय अनेकदा बंद करावी लागली. ती पुन्हा चालू झाली २०२१ साली, १.५४ आवृत्तीत. दोन दशकं मानकात असलेली, कंपायलरला अजूनही हवी असलेली सूचना सी प्रोग्रामरांनी किती कमी वापरली याचा हा ठोस पुरावा आहे. याच काळात लूप काउंटरापुढे ‘रजिस्टर’ लिहिणं मात्र चालूच होतं.

छोट्या मायक्रोकंट्रोलरांचा मामला वेगळा आहे आणि त्याला घाईने जुनाट ठरवणं अन्यायाचं होईल. ८०५१वर थेट पत्त्याने पोहोचता येणारी अंतर्गत मेमरी १२८ बाइट. बाहेरच्या मेमरीत ठेवलेलं व्हेरिएबल वाचायला आधी पत्ता एका खास रजिस्टरात भरावा लागतो. कोणतं व्हेरिएबल आत आणि कोणतं बाहेर हे त्या कंपायलरला हाताने सांगावं लागतं, आणि त्याने वेगात व आकारात लख्ख फरक पडतो. त्या यंत्रावर प्रोग्रामर अजून मरे हिलच्या काळाइतकाच यंत्राजवळ बसलेला असतो.

एवढं सगळं मोजून ठरवावं म्हटलं, तर मोजणं तरी सोपं आहे का? टॉड मायट्कोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ साली एक अस्वस्थ करणारा निबंध प्रसिद्ध केला. प्रोग्राम तोच, कंपायलर तोच. बदलला फक्त ऑपरेटिंग सिस्टीममधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांचा एकूण आकार, किंवा फाइली जोडण्याचा क्रम. तेवढ्याने मेमरीतल्या जागा सरकल्या, आणि एखादं ऑप्टिमायझेशन फायद्याचं की तोट्याचं याचं उत्तरच फिरलं. कर्टसिंगर आणि बर्गर यांनी २०१३मध्ये मांडणी मुद्दाम पुन्हा पुन्हा विस्कटून मोजलं, तेव्हा एलएलव्हीएमच्या ऑप्टिमायझेशनच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीतला फरक नुसत्या योगायोगापासून वेगळा काढता आला नाही. एक शब्द टाकून दोन टक्के वाढ मिळाली असं कुणी सांगितलं, तर ती वाढ त्या शब्दामुळेच आली का, हे विचारणं म्हणूनच आवश्यक आहे.

पायथनच्या ३.१४ आवृत्तीच्या तयारीत, २०२५च्या सुरुवातीला, हेच घडलं. इंटरप्रिटरचा गाभा नव्या रीतीने लिहिला गेला. प्रत्येक सूचनेसाठी एक लहान फंक्शन, आणि त्याच्या शेवटी पुढच्या फंक्शनकडे उडी. ही उडी साध्या हाकेत बदलायची नाही असा क्लँग कंपायलरला दिलेला पक्का हुकूम आणि रजिस्टरं जपण्याबाबतचा दुसरा हुकूम, या दोन्हींवर ती रचना उभी होती. सुरुवातीला नऊ ते पंधरा टक्के वेग वाढल्याचे आकडे आले. मग एका अभियंत्याने खोदून पाहिलं. ज्या क्लँग १९शी तुलना झाली होती, त्यात जुन्या पद्धतीचा इंटरप्रिटर मंदावेल असा दोष नुकताच शिरला होता. तुलनेचा पाया खचल्यामुळे नवी इमारत उंच दिसत होती. पायथनच्या चमूने हे उघडपणे मान्य केलं आणि सुधारलेला आकडा तीन ते पाच टक्के असा दिला. दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. कंपायलरही चुकतो, एका आवृत्तीत मिळालेलं पुढच्या आवृत्तीत हरवू शकतं. आणि नेमक्या जागी दिलेला नेमका हुकूम २०२५मध्येही फायदा देतो. तीन टक्के हा जगभरच्या पायथन प्रोग्रामांच्या हिशोबात लहान आकडा नाही.

सीच्या ताज्या, २०२३च्या मानकाचा कल कुठे आहे हेही पाहावं. त्यात इथवर प्रोग्राम कधीच पोहोचत नाही हे सांगायची सोय आली. हे फंक्शन बाहेरचं काही बदलत नाही, तेच दिलं तर तेच देतं, असं सांगणारी विशेषणं आली. ‘असं कर’ म्हणणारी नवी सूचना वेगासाठी आलेली नाही. ‘हे खरं आहे’ म्हणणाऱ्या आल्या.

आपल्याकडच्या शिक्षणात याला जागा करणं अवघड नाही. मुंबईच्या आयआयटीत उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगाच्या कार्यशाळा घेतल्या. अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह त्यांनी लिहिलेलं डेटा फ्लो अॅनालिसिसवरचं पुस्तक २००९ साली निघालं, आणि कंपायलर प्रोग्रामकडे कसा पाहतो हे त्यातून खोलात कळतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला इतकं नको असेल, तर एक प्रात्यक्षिक पुरेसं आहे. मॅट गॉडबोल्ट यांनी २०१२ साली सुरू केलेलं कंपायलर एक्सप्लोरर फुकट आहे, साध्या ब्राउझरवर चालतं. सीची ओळ डावीकडे, तिचा मशीन कोड उजवीकडे. विद्यार्थ्याने दोन अॅरेंची बेरीज तिसऱ्यात ठेवणारं फंक्शन लिहावं, ऑप्टिमायझेशन तिसऱ्या पातळीवर न्यावं आणि जीसीसीला ऑप्ट-इन्फोच्या पर्यायाने त्याचा अहवाल मागावा. अहवालात उत्तर येतं: एकाच जागेला दोन नावं असण्याची शक्यता असल्यामुळे या लूपच्या दोन आवृत्त्या केल्या. उजवीकडे पाहिलं की पत्ते तपासणाऱ्या ओळी दिसतात, मग एक वेगवान लूप, मग एक सावध लूप. तिन्ही पॉइंटरांपुढे रिस्ट्रिक्ट लिहायचं आणि पुन्हा कंपाइल करायचं. तपासणी जाते, सावध आवृत्ती जाते, अहवालातली ती ओळही जाते. तोंडी परीक्षेत मग विचारावं की तीच तीन नावं देऊन, पण एकच अॅरे दोनदा पाठवून हे फंक्शन कुणी हाक मारून वापरलं, तर काय होईल आणि दोष कुणाचा.